बसलेला शॉक

मला विजेनं जितक्या वेळा झटकलंय तितक्या वेळा बायकोनंही झटकलं नसेल, आणि बायको या कामात मागं नव्हती. बंगळूरच्या एका कापडमिलमध्ये मी इलेक्ट्रिशियन होतो. मिलचं नाव सांगत नाही. तिचे शेअर घेतलेले काही लोक अजून हयात आहेत आणि आधीच दुःखात आहेत. एकदा एका मोटारीच्या स्विचपेटीनं मला असं फेकलं की मी उडालो सूतखात्यातून आणि पडलो रंगखात्यात. बाहेर आलो तो आपादमस्तक निळा. हेडमिस्त्रीनं मला पाहून हात जोडले, तेव्हा मीही आशीर्वाद देऊन टाकला. खोटं वाटत असेल तर आमच्या वेळच्या कुणालाही विचारा. आता कुणी उरलं नाही, यात माझा दोष नाही.

हे आठवायचं कारण, परवा माझा पुतण्या पेपर वाचता वाचता म्हणाला, "काका, आता पोलिसांसाठी विजेची पिस्तुलं निघालीत. माणूस जागच्या जागी पडतो, पण इजा काही होत नाही." मी कॉफी पीत होतो. एवढा हसलो की कॉफी नाकात गेली. त्यालाही कुणी इजा म्हणत नाही, पण नाक माझं होतं.

'इजा काही होत नाही' हे वाक्य मी साठ सालाच्या आगेमागे ऐकून बसलोय, आमच्या मॅनेजरच्या तोंडून. कन्नडात 'दोरे' म्हणजे साहेब, मालक. कामगार त्याला दोरेच म्हणत. आम्ही इथले जुने मराठी, आमचे पूर्वज म्हणे कुठल्यातरी राजाच्या घोड्यामागून बंगळुरात आले. (इथल्या प्रत्येक मराठी घराचा पूर्वज घोड्यामागूनच आलेला आहे. घोड्यावर बसून कुणीच आलेलं दिसत नाही.) तर आमच्या घरच्या मराठीत दोरे म्हणजे सूत. सूत ताणलं की तुटतं. हा दोरे दुसऱ्याला ताणणारा होता.

पुढचं कळायला धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या शरीरात डोक्याकडून हातापायांना जे हुकूम सुटतात तेही विजेचेच, पण बारीक, कानात कुजबुजल्यासारखे. बाहेरची वीज अंगात शिरली की ती कुजबुजत नाही, बोंबलते. आणि स्नायू म्हणजे सरकारी कारकून, जो साहेब मोठ्यानं ओरडेल त्याचं ऐकणार. वीज ओरडते 'आवळ', ते आवळतात. तुम्ही आतून 'सोड, सोड' म्हणत राहता, तुमचं कोण ऐकतो? म्हणून आमच्या पिढीचे वायरमन तारेत जीव आहे की नाही हे बघायला कधी तळहात लावत नसत. उलटा हात, बोटांच्या मागची बाजू लावायची. म्हणजे स्नायू आखडले तरी मूठ मिटताना तारेपासून लांब येते. ही पद्धत चांगली नाही, करून बघू नका. मी केली आणि निळा झालो.

तर दोरेनं विजेच्या काठ्या मागवल्या. परदेशातून खोकं आलं, त्यावर गाईचं चित्र होतं. तिकडं आडमुठी गुरं ट्रकमध्ये चढवायला या काठ्या वापरत. दोरेनं गाईवर कागद चिकटवला आणि आम्हाला सांगितलं, "ही शिस्तीची काठी." कामगारांनी तिचं लगेच बारसं केलं: 'करंट कोलु'. कोलु म्हणजे काठीच. आत बॅटरीचे सेल, त्यांच्यावर तारांचं एक वेटोळं, जे सेलच्या चिमूटभर जोराचा डोंगर करतं, आणि टोकाला पितळेच्या दोन बोंड्या. बोंड्या अंगाला टेकवायच्या, कळ दाबायची. वीज फार शिरत नाही, म्हणून भाजत नाही. भाजत नाही म्हणून खूण राहत नाही. गाय तक्रार करत नाही, आणि माणसाकडं दाखवायला काही नसतं. असं अक्कलवान यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. सेल बदलणं आणि बोंड्या पुसणं माझ्याकडं आलं.

कामगार संध्याकाळी सुटले की गेटवर झडती व्हायची, कुणी कमरेला सूत गुंडाळून नेतोय का ते बघायला. तिथं धक्काबुक्की होई. दोरेचं म्हणणं, लाठीनं डोकं फुटतं, डोकं फुटलं की युनियन येते. या काठीनं काही फुटत नाही. "मुंगी चावल्यासारखं होतं," तो म्हणाला. "इजा काही होत नाही."

आणि ते सिद्ध करायला त्यानं मुनियप्पाला पुढं बोलावलं. मुनियप्पा गेटवरचा जमादार, बाजारपेठेतल्या गरडीत, म्हणजे तालमीत, वाढलेला पैलवान. मिशा अशा की त्यांना वेगळी हजेरी लावावी लागे. तो छाती काढून म्हणाला, "हच्ची, स्वामी. मुंगीला काय भ्यायचं?" हच्ची म्हणजे लावा खुशाल. दोरेनं बोंड्या त्याच्या मांडीला टेकवल्या.

मुनियप्पा उडाला तो असा, की खाली येईपर्यंत दुसरी पाळी सुरू झाली. हे मी थोडं वाढवून सांगतोय, पण खाली आल्यावरचं अजिबात वाढवलेलं नाही. त्याची जीभ दाताखाली सापडली होती. मांडीचा गोळा बाहेरून दिसेल असा वळत होता. छातीत श्वास अडकला होता आणि डोळे गाभण म्हशीसारखे मोठे झाले होते. संध्याकाळपर्यंत उचकी थांबली नाही. दोरेनं विचारलं, "काय, खूण आहे कुठं?" मुनियप्पानं धोतर वर करून पाहिलं. खूण नव्हती. "इल्ला, स्वामी," तो उचकी देत म्हणाला. दोरेनं टाळी वाजवली. प्रयोग यशस्वी झाला होता.

एक गोष्ट दोरेच्या लक्षात आली नव्हती, किंवा आली असेल. सुकं सूत मागावर तुटतं, म्हणून विणकामखात्यात पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा ओली ठेवतात. तिथला माणूस दिवसभर आंबोळीच्या पिठासारखा भिजलेला असतो. विजेला कोरडं कातडं म्हणजे बंद दार आणि ओलं कातडं म्हणजे उघडं. काठी बनली होती केसाळ, कोरड्या गाईसाठी. आमचे विणकर गेटवर यायचे ते निथळत. हे मी दोरेला सांगायला गेलो. तो म्हणाला, "विठोजी, तू सेल बदल. तत्त्वज्ञान नको."

विणकामखात्यात रामोजी होता. आमच्याच गल्लीतला, बारीक चणीचा, हसरा मराठी माणूस. तुटलेल्या धाग्याची टोकं बोटांच्या चिमटीत धरून गाठ मारण्यात त्याचा हात असा की धाग्यालाच आपण तुटलो होतो हे आठवत नसे. एकदा संध्याकाळी झडतीची रांग अडली. रामोजीनं मान वर करून नुसतं विचारलं, "मुनियप्पाअण्णा, स्वल्प लवकर करा की, घरी जायचंय." स्वल्प म्हणजे जरा. नेमका दोरे गेटवर उभा होता. त्याला 'लवकर' ऐकू आलं, 'अण्णा' नाही. तो म्हणाला, "दाखव त्याला."

मुनियप्पानं दोरेकडं पाहिलं, रामोजीकडं पाहिलं आणि बोंड्या रामोजीच्या ओल्या बरगडीला टेकवल्या. दोरे 'बस' म्हणेपर्यंत टेकवून ठेवल्या. दोरेला 'बस' म्हणायची सवय नव्हती.

रामोजी पडला तेव्हा त्याच्या हातात पितळी डबा होता. त्याची मूठ डब्याच्या कडीवर अशी मिटली की काठी काढल्यावरही उघडेना. चौघांनी मिळून बोटं सोडवली. मिलच्या डॉक्टरानं त्याला उलटापालटा करून पाहिलं, "कुठं काय झालंय?" म्हणाला आणि लाल औषध दिलं. खोकल्याला, हगवणीला आणि मोडलेल्या हाडाला तो तेच लाल औषध देई.

दोन-चार दिवस अंग दुखलं, मग ते थांबलं. त्याच्यापुढचं खरं सुरू झालं. रामोजी मागावर उभा राहिला की मोटारीच्या घरघरीनं त्याला घाम फुटे. झोप लागली की पाय झाडत उठे. नळाला हात लावीना. माझ्याकडं येऊन म्हणाला, "विठोजीअण्णा, तू रोज विजेत हात घालतोस, तुला भीती कशी वाटत नाही?" मी त्याला धीर द्यायला आमची उलट्या हाताची गोष्ट शिकवली. नळाला, कडीला आधी उलटा हात लाव, काही नाही झालं की मग धर. तो खूश होऊन गेला. मीही खूश झालो. डॉक्टरापेक्षा माझं औषध निदान लाल तरी नव्हतं.

मग एक दिवस त्याची बायको सुंदरक्का माझ्या दारात आली. "विठोजीअण्णा, तुम्ही ह्यांना काय शिकवलंत?" ती म्हणाली. "ताटाला उलटा हात लावून बघतात. तांब्याला बघतात. काल मुलगी धावत आली तर तिच्या गालाला आधी उलटा हात लावला, मग जवळ घेतलं. तिला वाटतं, तिला रोज ताप आलाय."

मी काही विनोद केला असावा. तिनं हसून दाखवलं नाही.

मागावर तर धाग्याला चिमटीतच धरावं लागतं. उलट्या हातानं गाठ कशी मारायची? रामोजीचं काम मागं पडू लागलं. दोरेनं त्याला कामचुकार ठरवलं, 'नाटकी' म्हणाला आणि घरी बसवलं. नोकरी गेली की मिलच्या चाळीतली खोलीही जाणार होती. कामगारांनी गलका केला तेव्हा चौकशी लागली, आणि चौकशीला एक निवृत्त मुन्सिफ, म्हणजे खालच्या कोर्टातले न्यायाधीश, नेमले गेले. उंच, सावळे, कानात केस, आणि तोंडात कायम लवंग. प्रश्न एवढाच होता: रामोजीला खरंच काही झालंय की तो सोंग करतोय? झालं असेल तर नोकरी, सोंग असेल तर रस्ता.

सगळं कन्नडात चाललं होतं. रामोजीला कन्नड माझ्याइतकंच येत होतं, पण काठीचं नाव निघालं की त्याला घरची भाषाच तेवढी सुचे. भ्यालेला माणूस आईच्या बोलीत शिरतो, पदराखाली शिरल्यासारखा. म्हणून मला दुभाष्या केलं. मुन्सिफांनी विचारलं, काय झालं ते सांग. रामोजी म्हणाला, "शॉक बसला, साहेब."

आता कन्नडात करंट 'होडीतो', म्हणजे मारतो. मारतो आणि जातो. मी तेच म्हणायला हवं होतं. पण खुर्चीवर बसून दुभाष्या होण्याचा मान पहिल्यांदाच मिळाला होता, त्या तोऱ्यात मी शब्दाला शब्द ठेवला: "शाक कूतिदे, स्वामी." शॉक बसलेला आहे.

मुन्सिफांची लवंग थांबली. "कूतिदे?" ते म्हणाले. "एल्लि कूतिदे?" बसलाय? कुठं बसलाय?

सगळी खोली हसली. दोरे सगळ्यांत मोठ्यानं हसला. मीही हसलो, कारण चूक माझी होती आणि हसल्यावर ती विनोदासारखी दिसते. रामोजी हसला नाही. त्याला प्रश्न बरोबर वाटला. इतक्या दिवसांत कुणी नीट विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"ठरत नाही, साहेब," तो म्हणाला. "भोंगा झाला की इथं येतो." त्यानं बरगडीला हात लावला. "जेवताना इथं." गळा. "झोपलो की पायात उतरतो. मी विसरलो तर येतो. आठवण ठेवली तर जरा लांब बसतो."

हे मी शब्दाला शब्द ठेवूनच सांगितलं. या खेपेला कुणी हसलं नाही. मुन्सिफ लिहून घेऊ लागले, तसा दोरे उठला.

"स्वामी, हे सगळं नाटक आहे आणि ते मी दाखवतो," तो म्हणाला. पुराव्यासाठी कोपऱ्यात ठेवलेली काठी त्यानं उचलली, आणि कुणाला काही कळायच्या आत बोंड्या रामोजीच्या दंडाला टेकवल्या.

रामोजी ताठ झाला आणि खुर्चीसकट आडवा पडला. पाय झटके देत होते, जबडा मिटला होता, ओठातून रक्त आलं. धोतर ओलं झालं. मी माझा टॉवेल त्याच्यावर टाकला. दोरेनं काठीचं बूड फिरवून उघडलं आणि मुन्सिफांपुढं उपडं धरलं. रिकामं. "नोडि, स्वामी! बघा! बॅटरीच नाही! सकाळी विठोजीकडूनच काढून घेतलीय. विचारा त्याला. नुसती लाकडाची काठी लागली आणि हा पडला. आता सांगा, नाटक की नाही?"

ते खरं होतं. सकाळी त्यानं मला सेल काढायला सांगितले तेव्हा मला वाटलं, शेवटी अक्कल आली. मी मान हलवली. कामगारांची तोंडं उतरली. माझ्या मनात आलं, गेली रामोजीची नोकरी. काय सांगणार? मेलेल्या काठीनं माणूस पडतो, हे कुठल्या कायद्यात बसवणार?

दोरेनं विजयी वीरासारखी काठी टेबलावर ठेवली. टेबल सरकारी होतं, म्हणजे त्याचा एक पाय आखूड होता. काठी हळूहळू घरंगळली, काठावर आली आणि जमिनीवर पडून मुन्सिफांच्या खुर्चीखाली निघाली.

मी आयुष्यात पुष्कळ उड्या पाहिल्यात, मुनियप्पाची धरून. पण तशी उडी पाहिली नाही. मुन्सिफांचे दोन्ही पाय खुर्चीवर आले. कारकून स्टुलावर चढला. डॉक्टर कपाटाला लटकला, कामगार बाकांवर चढले. आणि दोरे, ज्यानं आत्ताच बूड उघडून रिकामं दाखवलं होतं, तो दोरे खिडकीच्या कठड्यावर बसला होता. खोलीत जमिनीवर दोघंच होते, रामोजी आणि मी, आणि मी खाली राहिलो एवढ्याचसाठी, की मला चढायला काही उरलं नव्हतं.

मुन्सिफांनी वर घेतलेल्या आपल्याच पायांकडं पाहिलं. मग ते खाली न ठेवताच म्हणाले, "मॅनेजर, बॅटरी नाही ना?"

"इल्ला, स्वामी."

"मग ती उचला."

दोरे उतरला, वाकला, आणि खिशातून रुमाल काढून हाताला गुंडाळू लागला.

"रुमाल कशाला, स्वामी?" मुन्सिफांनी अगदी प्रेमानं विचारलं. "नुसती लाकडाची काठी आहे."

दोरेनं रुमाल सोडला, हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. शेवटी काठी कुणी उचलली माहीत आहे? मी. तळहातानं. सेल माझ्या खिशात होते म्हणून एवढा शूर.

मुन्सिफांनी निकाल तिथंच सांगितला. "या काठीनं तुम्हाला कधी स्पर्शही केला नाही आणि तुम्ही खिडकीत बसता. याच्या अंगाला तर तुम्ही ती धरून ठेवायला लावली होती. रामोजीला कामावर घ्या. काठ्या गेटवरून काढा." दोरेनं सरी म्हटलं. सरी म्हणजे ठीक. ठीक काही दिसत नव्हतं त्याच्या तोंडावर.

आम्ही ढोल वाजवला, पेढे वाटले, सुंदरक्कानं खोलीच्या दारात रांगोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी रामोजी डबा घेऊन निघाला, गेटपाशी आला आणि थांबला. सगळे आत गेले. भोंगा झाला. तो तिथंच. गेटवर मुनियप्पा आणि त्याचे पहारेकरी उभे, हात रिकामे, काठ्या गोदामात कुलपात. रामोजीचा पाय उचलेना. दोरे बाहेर येऊन म्हणाला, "दार उघडं आहे. कुणी अडवलंय? ये की." रामोजी घरी गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा थांबला. तिसऱ्या दिवशी दोरे मला ऐकू जाईल असं म्हणाला, "मुन्सिफांनी नोकरी दिली, पाय द्यायचे राहिले." जो कामावर आत येत नाही त्याला गैरहजर म्हणतात, आणि गैरहजर माणसाला काढायला चौकशी लागत नाही.

मी रामोजीला समजावत होतो, ओढत होतो. मुनियप्पा बघत होता. एकाएकी तो आपल्या माणसांना म्हणाला, "नडीरी ओळगे." चला आत. सगळे पहारेकरी गेटशेजारच्या खोलीत शिरले आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं. गेट मोकळं, चिटपाखरू नाही. रामोजीनं दोन्हीकडं पाहिलं. मग डबा छातीशी धरून असा धावत आत गेला की मला मागं राहावं लागलं.

पुढं तोच रिवाज पडला. रोज सकाळी रामोजी कोपऱ्यावर दिसला की पहारेकरी खोलीत, दार बंद. बाकीचे कामगार रांगेत थांबत, तो आधी जाई, मग सगळे. संध्याकाळी तसंच. दोरेनं आरडाओरड केली, की बिनपहाऱ्याच्या वेळात मिल धुऊन जाईल. त्या वेळात कधी सुताचा धागा गेला नाही. पुढं एकदा मोठी चोरी झाली, कापडाचे तागेच्या तागे गेले, ती पूर्ण पहाऱ्यात झाली.

रामोजी मागावर परत गाठी मारायला लागला, पहिल्यासारख्या नाहीत, पण चालतील अशा. दोरे दुसऱ्या मिलमध्ये गेला, बढतीवर. जाताना काठ्या घेऊन गेला म्हणतात. कुठं वापरल्या, मला माहीत नाही. सेल कोण बदलत असेल, हे मात्र कधीकधी मनात येतं.

त्याच्या जागी आलेल्या नव्या साहेबानं पहिल्याच सकाळी तो प्रकार पाहिला. सहा मिशाळ पहारेकरी घाईघाईनं खोलीत घुसले आणि समोरून एक काटकुळा विणकर डबा सांभाळत एकटा येतोय. साहेबही घाबरून त्यांच्या मागोमाग खोलीत शिरला. मी तिथं फ्यूज बदलत होतो. त्यानं मुनियप्पाला हळूच विचारलं, "कोण हा एवढा दांडगा? तुम्ही सगळे त्याला भिता?"

"नाही, स्वामी," मुनियप्पा खिडकीच्या फटीतून बघत म्हणाला. "तो आम्हाला भितो, म्हणून आम्ही लपतो. स्वल्प वाका. टोपी दिसतेय तुमची."